तोंडी लावणं

चोवीस जून. संत योहानाचा दिवस.
उद्यापासून वाफ्यांना सुरी लावायची नाही,
असा माइनकाठचा रिवाज. मागे राहतील ते कोंब
वर येतील, हिरवे होतील, पिसारा धरतील,
पुढच्या वसंतासाठी मुळांची पोटं भरतील.

वाल्बुर्गा शेवटची जुडी सोलते आहे.
श्पार्गेल. शतावरीची फिकट चुलतबहीण,
मातीच्या वरंब्याखाली
उन्हाला तोंड न दाखवता वाढलेली.
शेंड्याकडून बुडाकडे, हात हलका ठेवून.
सालींचा ढीग कालच्या वर्तमानपत्रावर,
नेमका निधनाच्या चौकटींवर.

टेबलावर बाटली. चपटी, पोटाळ.
उतारावर ठेवली तरी गडगडत जात नाही
म्हणून असा आकार, असं बुर्कार्ड
प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा
आणि स्वतःच आधी हसायचा.
लेबलवर त्याचंच अक्षर, पेन्सिलीतलं :
सिल्व्हानर.
खाली, दोनदा रेघ ओढून : ट्रॉकन.
कोरडी.

आता ओली वस्तू कोरडी कशी,
हे ज्याला विचारावं तो फेब्रुवारीत गेला.
म्हणाला असता, यीस्टला जेवू द्यायचं
पार ढेकर येईस्तोवर,
साखरेचा कण मागे ठेवायचा नाही.
गोड वाइन आणि गोड बोलणारा माणूस
दोघांपासून चार हात लांब.
बोलायचाही तसाच.
तळाशी काही उरायचं नाही.

तिच्या तोंडी लावायला काय,
यावर मात एकेचाळीस वर्षं भांडण.
तो : वितळलेलं लोणी, नवे बटाटे,
हॅमचा पातळ काप. बस.
ती : हॉलंडेझ. बलक, लोणी, लिंबू,
वाफेवर फेटून फेटून दाट केलेलं.
तो : गोधडी आहे ती. वाइन गुदमरते.
यावर ती काही बोलायची नाही,
उकळत्या पाण्यात फक्त
चिमूटभर साखर टाकायची.
ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आज तिने हॉलंडेझच केलंय.
मनगट दुखतं. एकदा फाटायला आलं होतं,
बर्फाचा खडा टाकून सावरलं.
समोर सवेता, रोमानियाची,
नऊ वसंत या वाफ्यांवर वाकलेली.
उद्या पहाटेच्या बसने घरी.
नखांतली माती घासूनही निघालेली नाही.
सात आठवडे काढली, म्हणते,
ताटात आजच पाहिली.
आणि आधी बटाट्यांकडे वळते.

पहिला घोट.
कापलेलं गवत. नासपतीची साल.
मग उतारावरचा तो चुनखडक,
ज्यात कुदळ मारली की शिंपले निघतात,
इथे कधीतरी समुद्र होता म्हणून.
मग सॉसमधला घास. मग पुन्हा घोट.

वाल्बुर्गा काटा खाली ठेवते.

वाइन गुदमरली नाही.
लोण्याखालून सरळ वर आली,
पाणबुड्या पक्ष्यासारखी,
एक थेंब अंगावर न ठेवता.
म्हणजे तो चूक होता.
एकेचाळीस वर्षं, दर मे महिन्यात, चूक.

"काय झालं?" सवेता विचारते.
"जिंकले मी."
आणि ज्याच्याकडे बघून हे म्हणायचं
त्या खुर्चीवर सवेताची बॅग आहे,
चार्जरची वायर बाहेर लोंबणारी.

डोळे कोरडे. घशाला कोरड.
ती दोघींचे ग्लास भरते, काठोकाठ,
जसे इथे कोणी भरत नाही.
सवेता रिकामी बाटली मागते,
आईला दाखवायला, असली चपटी
तिने पाहिली नसणार.
स्वेटरमध्ये गुंडाळून आत सरकवते.
बूच वाल्बुर्गाच्या एप्रनच्या खिशात जातं,
तिथे आधीच एक रबरबँड, एक पेन्सिल.

तळघरात आणखी अकरा आहेत.
सप्टेंबरात तळ्यांतून कार्प निघेल.
बिअरच्या पिठात तळलेला, हा त्याचा हट्ट.
व्हिनेगरात उकडून निळा केलेला, हा तिचा.
ते भांडण अजून मिटलेलं नाही.